मणक्याच्या दुखापतीनंतर वयस्कर माणसाला घरी आणताना: आधी हात शिकू द्या, मग तारीख ठरवा

बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. डिस्चार्जची तारीख आधी ठरते, मग पलंगासाठी धावाधाव सुरू होते. व्हीलचेअर आदल्या संध्याकाळी येते आणि कॅथेटरची (लघवीच्या नळीची) काळजी कशी घ्यायची ते निघता निघता दाराशी पाच मिनिटांत सांगितलं जातं. घरी आल्यावर आठवड्याच्या आत माकडहाडावर लाल चट्टा उठतो किंवा लघवी तुंबते, आणि पेशंट पुन्हा दवाखान्यात. बाबांना घरी आणताना आम्हीही हेच केलं. नंतर ओळखीच्या काही घरांत मदतीला गेले, तिथेही चुका त्याच होत्या. म्हणून सगळं क्रमवार लिहिते आहे.

हे साठीपुढच्या माणसांसाठी आहे. या विषयावरची बरीच माहिती तरुण पेशंट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते: हातांवर जोर द्या, स्वतःला उचला, खुर्चीत सरका. सत्तरीतल्या माणसाचे खांदे आधीच झिजलेले असतात, कातडी पातळ झालेली असते, हाडं ठिसूळ असतात, बीपी-मधुमेहाच्या गोळ्या चालू असतात, आणि सांभाळणारा जोडीदारही त्याच वयाचा असतो. हिशोब वेगळाच मांडावा लागतो. तुमच्या डॉक्टरांनी एखादी गोष्ट याहून वेगळी सांगितली असेल, तर त्यांचंच ऐका.

## टप्पा १: इजा नेमकी काय आहे ते लिहून घ्या

"मणक्याला मार लागलाय" एवढ्यावर घरची काळजी घेता येत नाही. एक वही करा आणि डॉक्टरांना भेटून पुढच्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्यासमोरच लिहा.

1. इजा कोणत्या पातळीवर आहे? टी-६ किंवा त्याच्या वर आहे का? (छातीच्या सहाव्या मणक्याची ही पातळी का महत्त्वाची, ते पुढे येईल.)
2. इजा पूर्ण आहे की अपूर्ण? कुठपर्यंत स्पर्श कळतो, कुठून कळत नाही?
3. मणका आता स्थिर आहे का? मानेची कॉलर किंवा पाठीचा पट्टा झोपताना, आंघोळीला काढायचा का? किती आठवडे?
4. लघवी कशी काढायची? शौचासाठी कोणती पद्धत?
5. आडवं असताना आणि बसल्यावर नेहमीचं बीपी किती?
6. रक्त पातळ करणारं औषध कोणत्या तारखेपर्यंत?

पाचवा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही. इजा टी-६ च्या वर असेल तर वरचा आकडा एरवीच ९० ते ११० च्या घरात असू शकतो. अशा माणसाचं बीपी १४० झालं तर घरचे म्हणतात, "ठीकच आहे की!" त्याच्यासाठी ते मुळीच ठीक नसतं. नेहमीचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाजवळच्या भिंतीवर लावा.

वयस्करांत वारंवार दिसणारी आणखी एक गोष्ट इथेच समजून घ्या. मानेतला मज्जारज्जूचा मार्ग वयाबरोबर अरुंद झालेला असतो. घरातल्या घरात पाय घसरतो, हनुवटी किंवा कपाळ आपटतं, मान मागे झटकली जाते. हाड मोडलेलं नसतं, तरी मज्जारज्जूच्या मधल्या भागाला इजा होते. याला सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम म्हणतात. यात पायांपेक्षा हात जास्त अशक्त होतात.

माणूस चार पावलं चालतो म्हणून घरच्यांना हायसं वाटतं आणि तयारी निम्म्यावर सोडली जाते. पण त्याला चमचा धरता येत नाही, शर्टाचं बटण लावता येत नाही, वॉकरची मूठ पकडता येत नाही. तोल गेला तर हात पुढे करून सावरताही येत नाही. पहिले काही महिने अशा माणसाला एकट्याने चालू देऊ नका. "पाय चांगले आहेत" हे तो स्वतः सांगत असला तरी नाही.

तपासा: सहाही उत्तरं वहीत आहेत का? एकही रिकामं असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: दवाखान्यातच हात शिकवा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. बघून शिकलेलं रात्री दोन वाजता आठवत नाही, हातांनी केलेलं आठवतं.

घरातले किमान दोघे शिका. एकटा शिकलेला माणूस तापाने आडवा पडला तर काय, हे आधीच ठरलेलं हवं. पगारी मदतनीस ठेवणार असाल तर त्यांनाही दवाखान्यात बोलवा. त्यांना आधीचा अनुभव असला तरी तो याच पेशंटचा नसतो.

शिकायच्या गोष्टी:

1. लाकडाचा ओंडका वळवावा तसं डोकं, धड, कंबर एकाच रेषेत ठेवून कुशीवर वळवणं
2. पूर्ण अंगाची कातडी तपासणं
3. पलंगावरून खुर्चीत आणि परत
4. कॅथेटर घालणं किंवा बसवलेल्या कॅथेटरची निगा
5. शौचाची पूर्ण प्रक्रिया
6. कॉलर किंवा पट्टा घालणं-काढणं
7. खोकायला मदत करणं
8. खुर्चीत चक्कर आली तर काय करायचं

प्रत्येक काम तुम्ही करायचं, सिस्टरने किंवा फिजिओने नुसतं बघायचं. सलग तीनदा चूक न होता जमलं की वहीत खूण करा. शौचाच्या कामाला लोक लाजतात आणि "घरी बघू" म्हणतात. वडिलांचं हे काम मुलीने करायचं म्हणजे दोघांनाही अवघड जातं, हे मी अनुभवलं आहे. पण तो अवघडलेपणा सिस्टर शेजारी उभी असताना संपलेला बरा. घरी तो संपायला वेळ लागतो आणि तोवर पोट तुंबतं.

सगळ्या खुणा झाल्या की वॉर्डात सलग २४ तास, रात्र धरून, सगळी कामं तुम्हीच करा. दवाखाना परवानगी देत असेल तर डिस्चार्जच्या आधी एक रात्र घरी नेऊन परत आणा. उंबरठ्यात अडकणारं चाक आणि पलंगापर्यंत न पोहोचणारी वायर त्या एका रात्रीत समजते.

इशारा: खुणा अर्धवट असताना "बेड रिकामा हवाय" म्हणून घाई होत असेल, तर वही दाखवा आणि नेमकं काय शिकायचं राहिलंय ते सांगून दोन दिवस मागा. "आम्हाला भीती वाटते" म्हणण्यापेक्षा "कॅथेटर एकदाच घातलाय, तीनदा झालेला नाही" याला मान मिळतो.

## टप्पा ३: घर मोजा, अंदाज करू नका

दार. व्हीलचेअरची रुंदी मोजताना चाकांच्या कड्यांवर हात ठेवलेला माणूस मोजा, नुसती खुर्ची नको. साधारण ८० सेंटीमीटर मोकळी जागा लागते, आणि ती दार उघडल्यावर राहणारी जागा हवी. अरुंद पॅसेजमधून काटकोनात वळून आत शिरायचं असेल तर याहून जास्त. खुर्ची जागेवर गोल फिरवायला सुमारे दीड मीटर लागतो.

रॅम्प. उंची एक तर लांबी बारा. १५ सेंटीमीटरच्या पायरीला १८० सेंटीमीटर लांब रॅम्प हवा. "थोडा चढ चालेल" म्हणून आखूड फळी टाकतात, आणि उतरताना ढकलणाऱ्या सत्तरीतल्या जोडीदाराच्या हातून खुर्ची सुटते.

पलंग. इथे हमखास चूक होते. पलंग मोजून आणतात आणि त्यावर एअर मॅट्रेस टाकली की उंची आठ-दहा सेंटीमीटरने वाढते. मोजमाप गादी टाकून करा. गादीचा वरचा भाग आणि खुर्चीच्या उशीचा वरचा भाग एका पातळीत हवा. पलंग भिंतीला लावू नका, दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहिला पाहिजे. एअर मॅट्रेसचा पंप विजेवर चालतो. वीज गेली की ती बसते आणि माणूस कडक फळीवर येतो, म्हणून जाड फोमची गादी हाताशी ठेवा.

न्हाणीघर. पाणी अंगावर घेण्याआधी दुसऱ्याने कोपराने तपासायचं. पेशंटच्या पायाला किंवा बधिर हाताला विचारून उपयोग नाही, कातडी भाजली तरी त्याला कळणार नाही. याच कारणाने गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड, मांडीवर ठेवलेला गरम कप हे सगळं बंद. कमोडच्या खुर्चीला मऊ बैठक हवी. उघड्या कडक प्लास्टिकवर तासभर बसवलं तर तेवढ्यानेही जखम होते.

घंटी. हात चालत नसतील तर साधी बेल काय कामाची? हनुवटीने, गालाने किंवा कोपराने दाबता येईल अशी मोठी कळ उशीशी बांधा आणि त्यांच्याकडून दाबवून बघा.

## टप्पा ४: औषधांचा एकच कागद

दुखापतीच्या आधीच्या गोळ्या घरच्या डब्यात तशाच असतात. घरी आल्यावर कुणीतरी मायेने बीपीची जुनी गोळी पुन्हा सुरू करतं, आणि बसवल्यावर माणसाला भोवळ येते. जुना डबा पेशंट यायच्या आधी रिकामा करा. डिस्चार्जचा कागद आणि जुनी यादी शेजारी ठेवून प्रत्येक औषधापुढे डॉक्टरांकडून "चालू", "बंद" किंवा "डोस बदलला" असं लिहून घ्या.

- बॅक्लोफेन (पायांचा ताठरपणा आणि झटके कमी करायला): एकदम बंद करायचं नाही. अचानक थांबवल्यास भ्रम, ताप, फिट येऊ शकते. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणा.
- मूत्राशय शांत करणारी औषधं: यातल्या काहींनी म्हाताऱ्या माणसांत विसरभोळेपणा, गोंधळ आणि बद्धकोष्ठता वाढते. माणूस अचानक "वेगळाच" वागायला लागला तर हा संशय आधी घ्या.
- मज्जातंतूंच्या वेदनांवरची औषधं (गॅबापेन्टिन, प्रीगॅबलिन): झोप आणि गुंगी आणतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.
- रक्त पातळ करणारं औषध: दिलेल्या तारखेआधी आपल्या मनाने थांबवू नका. पायात गुठळी होण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो.

## टप्पा ५: घरी यायचा दिवस

सकाळी निघा आणि पुढचे दोन-तीन दिवस दवाखान्यात फोन उचलला जाईल असा दिवस निवडा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आणू नका.

1. आदल्या दिवशी शौच झालेलं असावं.
2. निघताना मूत्राशय किंवा बॅग रिकामी करा.
3. गाडीतही खुर्चीची उशी खाली घाला. प्रवास लांबचा असेल तर वाटेत थांबून बैठकीवरचा भार हलवा (कसा, ते टप्पा ६ मध्ये).
4. घरी पोहोचल्यावर आधी पलंग. कपडे सैल करा, कुशीवर वळवा, माकडहाड, बैठकीची हाडं आणि टाचा बघा.
5. कॅथेटरची नळी टोकापासून टोकापर्यंत बोटाने चाचपून बघा.
6. बीपी घेऊन वहीत लिहा.

भेटायला येणाऱ्यांना आठवडाभर थांबायला सांगा. लोक प्रेमानेच येतात, पण माणूस त्यांच्यासाठी दोन-दोन तास ताठ बसून राहतो आणि वळवायची वेळ टळते.

## टप्पा ६: कातडी

बेडसोर व्हायला एक रात्र पुरते आणि भरायला महिने लागतात. बाकी काही जमलं नाही तरी हे जमायलाच हवं.

पलंगावर: सुरुवातीला दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. पूर्ण कुशीवर करू नका. पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंश कलतं ठेवा, म्हणजे खुब्याच्या हाडावर थेट भार येत नाही. जेवणाची वेळ सोडली तर डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर नको. त्याहून वर केलं की माणूस हळूहळू खाली घसरतो, कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं मांस खेचलं जातं. वर घ्यायचं असेल तेव्हा आडव्या घातलेल्या चादरीने दोघांनी उचलून घ्या, फरफटवू नका.

टाचा: पोटऱ्यांखाली लांब उशी द्या, टाचा हवेत हव्यात. टाचेखालून कागद सहज सरकला पाहिजे.

खुर्चीत: दर १५ ते ३० मिनिटांनी दोन मिनिटं भार हलवा. वयस्कर माणसाला हातांवर उचलायला लावू नका, खांदे जातात. समोर टेबल ठेवून त्यावर पुढे वाकवा किंवा एकेका बाजूला कलतं करा. पुढे वाकवताना एकाने छातीशी आधार द्यायचा. कॉलर किंवा पट्टा असेल तर वाकवायचं का, ते फिजिओला आधी विचारा. सुरुवातीला एका वेळी अर्धा तासच बसवा, कातडी तपासा, मग वेळ वाढवा.

दिवसातून दोनदा तपासणी: मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. लाल जागा दिसली तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर फिकी पडत नसेल, किंवा भार काढून अर्ध्या तासानेही रंग जात नसेल, तर इजा सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे जांभळट झाक, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागणारी जागा हाताच्या पाठीने शोधा. अशा जागेवर पूर्ववत होईपर्यंत बसवायचं किंवा झोपवायचं नाही.

नेहमीच्या चुका:
- एअर मॅट्रेस आहे म्हणून कूस न बदलणं. ती मदत करते, कूस बदलत नाही.
- मधे भोक असलेली गोल रिंग वापरणं. तिच्या कडेने रक्तपुरवठा उलट कमी होतो.
- लाल जागेवर तेल लावून चोळणं. आतलं नाजूक मांस फाटतं.
- मागे खिसा, बटण किंवा जाड शिवण असलेले कपडे घालणं.
- कॉलरखाली न बघणं. हनुवटी आणि मानेमागे रोज बघा.

## टप्पा ७: लघवी

ठरावीक वेळाने कॅथेटर घालत असाल तर: साधारण ४ ते ६ तासांनी, आणि एका वेळी ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त जमू द्यायचं नाही. मापाचं भांडं वापरा आणि वेळ, माप लिहा. वयस्करांत एक गोष्ट घोळ घालते: दिवसभर बसून पायांत उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि लघवी रात्रीच जास्त होते. वहीत रात्रीचं माप ५०० च्या वर दिसलं तर दुपारी पाय वर करून झोपवा आणि रात्रीची एक वेळ वाढवा. पाणी कमी करून हा प्रश्न सोडवू नका.

पुरुषांत या वयात प्रोस्टेट बऱ्याचदा वाढलेलं असतं. कॅथेटर अडला तर थांबा, खोल श्वास घ्यायला सांगा, हलकेच पुन्हा प्रयत्न करा. तरीही गेला नाही तर दवाखाना. जोर लावायचा नाही.

कायम बसवलेला असेल तर: बॅग नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. नळी मांडीला चिकटवा, नाहीतर वळवताना ओढली जाते. बदलायची तारीख वहीत आणि बॅगेवर लिहा.

जंतुसंसर्ग कसा ओळखायचा? जळजळ बहुधा जाणवणार नाही, कारण तिथली संवेदना गेलेली असते. पायांचे झटके वाढणं, मधेच गळणं, थंडी-ताप आणि वयस्करांत अचानक बरळणं, ही लक्षणं बघा. ताप वगैरे काही नसताना फक्त वास येतो म्हणून अँटिबायोटिक सुरू करू नका. कॅथेटर असलेल्यांच्या लघवीत जंतू सापडतातच.

## आधी हे वाचून ठेवा: अचानक वाढणारं बीपी

इजा टी-६ किंवा त्याच्या वर असेल, तर शरीराच्या बधिर भागात काही टोचलं, तुंबलं, दुमडलं तरी माणसाला ते कळत नाही. शरीर मात्र रक्तवाहिन्या आवळून बीपी एकदम वर नेतं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. वेळीच थांबवलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

घरी आल्यानंतरच्या दुसऱ्याच रात्री बाबा म्हणाले, "डोकं फुटतंय." चेहरा लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब, पाय मात्र गार. आईने डोक्याखालची उशी काढून त्यांना सपाट झोपवलं आणि डोकेदुखीची गोळी शोधायला लागली. बीपी १७६ होतं, एरवी १०५ असायचं. मी वॉर्डात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "आधी बसवा त्यांना. मग चादर उचला." चादर उचलली तर नळी मांडीखाली दुमडलेली, बॅग कोरडी. नळी सरळ केली आणि बॅगेत सहाशे मिलिलिटर आलं. दहा मिनिटांत डोकं उतरलं. झोपण्याआधी कूस आम्हीच बदलली होती, नळी बघितली नव्हती.

लक्षणं: ठणकणारी डोकेदुखी, चेहरा आणि मान लाल, इजेच्या वर घाम, नाक चोंदणं, अंगावर काटा, नाडी मंद. बीपीचा वरचा आकडा नेहमीपेक्षा २० ते ४० ने जास्त.

काय करायचं, याच क्रमाने:

1. ताठ बसवा, पाय खाली सोडा. सपाट झोपवू नका.
2. पोटाचा पट्टा, मोजे, कपडे सैल करा. मणक्यासाठीचा पट्टा किंवा कॉलर असेल तर तो सैल करायचा का, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवा.
3. नळी दुमडली, अडली का बघा. कॅथेटर वेळाने घालत असाल तर लगेच घालून मूत्राशय रिकामं करा.
4. लघवीचं कारण नसेल तर पोट तुंबलंय का, कातडीत काही रुततंय का, पायाच्या बोटाचं नख आत वळलंय का बघा.
5. दर दोन ते पाच मिनिटांनी बीपी घ्या.
6. कारण सापडत नसेल, किंवा सापडूनही बीपी उतरत नसेल तर रुग्णवाहिका. वाटेतही बसलेलंच ठेवा.

हे सहा मुद्दे कागदावर लिहून प्रवासात सोबत ठेवा. लहान दवाखान्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत असेलच असं नाही.

## टप्पा ८: शौच

आतड्याचे दोन प्रकार होतात आणि दोघांचे उपाय वेगळे. इजा वरच्या पातळीवर असेल तर आतड्याचा प्रतिक्षेप शिल्लक असतो. बोटाने किंवा सपोझिटरीने (गुदद्वारात ठेवायच्या औषधी गोळीने) चेतवलं की ते स्वतः ढकलतं. कण्याच्या अगदी खालच्या टोकाला इजा असेल तर गुदद्वार सैल असतं आणि बोटाने शौच काढावं लागतं, बहुधा रोज. आपला प्रकार कोणता, ते डॉक्टरांकडून नक्की करून घ्या.

1. रोज किंवा दिवसाआड, पण वेळ तीच. जेवणानंतर २० ते ३० मिनिटांनी, कारण तेव्हा आतडं आपोआप हलतं.
2. डाव्या कुशीवर, किंवा बसवता येत असेल तर कमोडच्या खुर्चीवर.
3. हातमोजा, भरपूर जेल. प्रतिक्षेप असलेल्यांत बोट आतल्या भिंतीला लावून १५ ते २० सेकंद हलकेच गोल फिरवा.
4. ५ ते १० मिनिटं थांबून पुन्हा. तासाभरात आटोपलं पाहिजे.

वेळापत्रक बसायला काही आठवडे लागतात. रोज औषध बदलू नका. एक बदल करा, तीन-चार वेळा बघा, मग पुढचा.

इशारा: चार-पाच दिवस शौच नाही आणि मग अचानक पातळ पाणी गळायला लागलं, तर ते जुलाब समजून बंद करायचं औषध देऊ नका. बहुतेक वेळा आत घट्ट गोळा अडकलेला असतो आणि पाणी त्याच्या कडेने येतं.

## टप्पा ९: उठवणं आणि खुर्चीत नेणं

जेवण झाल्या झाल्या उठवू नका. म्हातारपणी जेवणानंतर बीपी तसंही उतरतं.

1. आडवं असतानाच पोटाचा पट्टा आणि घट्ट मोजे घाला, डॉक्टरांनी सांगितले असतील तर.
2. डोक्याकडची बाजू टप्प्याटप्प्याने वर करा, मधे काही मिनिटं थांबा.
3. पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसवा. बीपी घ्या. वरचा आकडा २० ने उतरला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर परत आडवं.
4. खुर्ची पलंगाशी तिरपी लावा. दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा, खुर्चीचा पलंगाकडचा हात काढा.
5. एक जण पुढे, एक मागे. सरकायची फळी असेल तर ती मांडीखाली नीट सारा. उचलणं कंबरेच्या पट्ट्याला किंवा चादरीला धरून.
6. बसल्यावर मागे नीट टेकवा, कपड्यांच्या सुरकुत्या काढा, नळी बघा, पाय पट्ट्यांवर ठेवा.

इशारा: काखेत हात घालून किंवा दंड धरून कधीही ओढू नका. अशक्त खांदा निखळतो आणि ते दुखणं मूळ दुखण्याइतकंच छळतं. खुर्चीत भोवळ आली तर एकाने मागून भक्कम धरून खुर्ची मागे कलती करायची, दुसऱ्याने पाय उचलायचे. उतरवायची घाई करू नका.

## टप्पा १०: छाती आणि पाय

मानेची किंवा छातीच्या वरच्या भागाची इजा असेल तर खोकला दुबळा असतो, आणि साधी सर्दी न्यूमोनियापर्यंत जाते. दवाखान्यात शिकवलेली खोकल्याची मदत रोज करा. जेवताना ठसका लागत असेल किंवा आवाज ओलसर येत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या. फ्लू आणि न्यूमोकोकल लशींबद्दल डॉक्टरांना विचारा.

पोटरीचा घेर दोन्ही पायांना एकाच जागी खूण करून आठवड्यातून दोनदा मोजा. एकच पाय सुजला, गरम लागला तर चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. ती गुठळी असू शकते किंवा हाड मोडलेलंही असू शकतं. ठिसूळ मांडीचं हाड वळवताना मोडलं तरी पेशंटला दुखत नाही.

## टप्पा ११: सांभाळणारे आणि मन

रात्रीच्या पाळ्या कागदावर लिहा. "मी करते सगळं" म्हणणारी आई तिसऱ्या आठवड्यात कंबर धरून बसते, आणि मग घरात दोन पेशंट होतात. सत्तरीतल्या जोडीदाराने एकट्याने उचलायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. त्यांना वहीचं, औषधांचं, वेळ सांगायचं काम द्या.

हात लावण्याआधी सांगा: "बाबा, आता डावीकडे वळवते." वेळ त्यांनीच लक्षात ठेवून "वळवा आता" म्हणावं, असं त्यांना सांगा. ज्याच्या हातून काहीच होत नाही असं वाटतं, त्याच्या हाती एवढं तरी राहतं. दोन आठवड्यांहून जास्त जेवणात, बोलण्यात रस नसेल तर ते वयाचं समजून सोडू नका, डॉक्टरांशी बोला. काही तासांत सुरू झालेला गोंधळ किंवा सुस्ती मात्र उदासी नव्हे. तिथे जंतुसंसर्ग, औषध किंवा कमी ऑक्सिजन शोधावा लागतो.

## त्याच दिवशी दवाखाना

- बधिरपणा आधीपेक्षा वर चढला किंवा ताकद कमी झाली
- श्वास लागला, छातीत दुखलं
- ताप आणि थंडी
- नळी नीट असूनही लघवी थांबली, किंवा लघवीत रक्त
- जखम उघडली, काळी पडली, वास आला
- पडले, मग "काही लागलं नाही" म्हणाले तरी

तपासणीच्या तारखा डिस्चार्जच्या दिवशीच घेऊन ठेवा. मूत्रपिंड आणि मूत्राशयाची सोनोग्राफी साधारण वर्षातून एकदा करतात. सगळं सुरळीत चाललंय असं वाटू लागलं की हीच तपासणी राहून जाते.